वजन कमी करायला सायकल पुरेशी आहे का? रोज किती वेळ चालवावी?

हो, सायकलने वजन कमी होतं. आठवड्यातून 4 दिवस 20 मिनिटांपासून सुरुवात करा आणि दीड-दोन महिन्यांत हळूहळू तासाभरावर या. हिशोब साधा आहे. 70 किलोच्या माणसाने ताशी 16 ते 19 किमी वेगाने तासभर सायकल चालवली की साधारण 450 कॅलरी खर्च होतात, आणि किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे महिन्याला एखादा किलो. मात्र खाणं वाढलं नाही तरच! सायकलिंगनंतर भूक लागते आणि एका गोड पेयात निम्मी मेहनत भरून निघते.

शरीराचा भार सीटवर असल्यामुळे धावण्यापेक्षा गुडघ्यांना ताण कमी, पण त्यासाठी सीटची उंची नीट हवी. टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. बरेच नवशिके सीट फार खाली ठेवतात, मग गुडघे दुखतात आणि सायकल कोपऱ्यात जाते. गिअर हलका ठेवा, पाय भरभर फिरू द्या. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकाच दम लागू द्या.