डाळमिल टाकू की आठ एकर मक्त्यानं करू?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात सहा एकर कोरडवाहू शेती आहे. प्लॉट विकून ५ लाख आले. शेजारचं आठ एकर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, करावं, की ४ लाखांची मिनी डाळमिल टाकावी?

उत्तर : भाऊ, व्यवसायाच्या भाषेत ही दोन्ही एकत्रीकरणंच, पण जोखीम सारखी नाही. मक्ता हे आडवं एकत्रीकरण. काम तेच, फक्त जास्त. पावसानं दगा दिला तर सहाऐवजी चौदा एकर एकदम बुडतं, आणि मक्त्याचे पैसे आधीच गेलेले असतात. डाळमिल हे उभं एकत्रीकरण, तुरीच्या पुढची पायरी. माझा कौल तिलाच, पण मशीन रोखीनं घेऊ नका.

मिल बंद पडते ती बहुधा खेळत्या भांडवलावाचून. यंत्रात ४ लाख घातले, तर जानेवारी-फेब्रुवारीत तूर घेणार कशानं? क्विंटलला ७,५०० रुपये भावानं ४० क्विंटल तुरीलाच ३ लाख लागतात. उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, ७० टक्के धरला तर २८ क्विंटल डाळ, म्हणजे वीज-मजुरी न धरता किलोला १०७ रुपये. चुनीचे, म्हणजे भरडताना निघणाऱ्या तुकड्या-भुशाचे, पैसे यातून वजा होतील. पण उतारा ६५ टक्क्यांवर आला की हीच डाळ ११५ला पडते. भरडण्याआधी तेल-पाणी लावलेली तूर पुरती वाळली नाही की उतारा घसरतो, म्हणून मोकळं अंगण आणि कडक ऊन हवंच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेल्या बनावटीच्या मिनी डाळमिली विदर्भात आहेत. मशीन ठरवण्याआधी जवळच्या चालू मिलवर स्वतःची एक क्विंटल तूर भरडून उतारा मोजा.

पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, म्हणजे तुमच्या मशीनला १.४० लाख. स्वतःचे किमान १० टक्के, ४०,००० घाला. बाकी बँकेचं कर्ज. अनुदान हातात मिळत नाही. तीन वर्षं हप्ते नियमित आणि मिल चालू राहिली तरच ते कर्जात वळतं होतं. अर्ज सध्या घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा.

उरलेल्या ४.६० लाखांपैकी दीड लाख घरखर्चासाठी बाजूला, ३ लाख तुरीला. पहिल्या हंगामात स्वतःची खरेदी निम्मीच करा आणि गावची तूर मजुरीनं भरडून द्या, त्यात मालाचा भाव पडण्याची भीती नसते. कृषिपंपाच्या मीटरवर मिल चालवता येत नाही; वेगळी थ्री-फेज जोडणी घ्या.

एक एकत्रीकरण मात्र टाळा : पीककर्ज आणि मिलचा पैसा एका खात्यात नको. वेळेत फेडलेलं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. ते पैसे तुरीच्या साठ्यात अडकले आणि मुदत चुकली, तर ही सवलत जाते.