मेपलला पहिली तोटी लावताना

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या तुमच्या नव्या घरामागे शुगर मेपलची झाडं आहेत आणि त्यांचा गोड रस काढून पाक करायचा आहे, हे वाचून फार आनंद झाला! खोडाचा व्यास छातीच्या उंचीवर किमान १२ इंच असेल तरच तोटी (भोकात बसवायची, रस बाहेर आणणारी छोटी नळी) लावा, तीही एकच. भोक दीड इंच खोल पुरे. गिरमिटातून पांढरट भुसा पडला तर लाकूड जिवंत आहे; तपकिरी आला तर जागा बदला.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- जुन्या भोकाला लागूनच नवं पाडतात. झाड जखमेचा भाग आतून कायमचा बंद करतं; त्या उभ्या पट्ट्यातून पुन्हा रस येत नाही.
- हंगाम संपला तरी तोट्या काढत नाहीत.
- मेपलला जागा म्हणून बर्च, बासवुड अशी दुसरी झाडं तोडतात. कृपा करून राहू द्या. मिश्र रानात कीड सहज पसरत नाही, पक्षीही टिकतात.

सुमारे ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक मिळतो. यंदा तीनच झाडं घ्या.