दोन वर्षांनी विद्यापीठ बदलता येईल का?

काका, आपल्या मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठाची टेनिस शिष्यवृत्ती मिळाली आहे, आणि तिथे तिचे जमले नाही तर दोन वर्षांनी दुसरीकडे जाता येईल का, असे आपण विचारले आहे. जाता येईल. व्हिसा आणि प्रवेशाच्या पात्रतेची माहिती अधिकृत ठिकाणी आहेच, ती मी पुन्हा लिहीत नाही. परंतु आपला प्रश्न वाचल्यापासून मी स्वतः विद्यापीठ बदलले ते २०२३ साल मला आठवत राहिले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बदलीचे नियम आता पूर्वीइतके कडक नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएचे (अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था) ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदवही, सुरू झाल्यापासून दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायला आपल्या कोचची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२४ पासून तर अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, खेळाडूला कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येते. माझे घोडे त्या अभ्यासाच्या अटींपाशीच अडले. तिसरे वर्ष सुरू होताना पदवीचा किमान ४० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो, आणि त्याचा हिशेब नवे विद्यापीठ स्वतःच्या पदवीप्रमाणे करते. १२० क्रेडिटच्या (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी एकके) पदवीसाठी ४८ पुरत होती आणि माझ्याकडे ६२ होती, म्हणून मी निश्चिंत होते. ऑगस्टमध्ये नव्या विद्यापीठाचा तक्ता हातात आला तेव्हा पाच विषयांपुढे ‘पदवीसाठी ग्राह्य नाही’ असा शेरा होता आणि तळाशी आकडा होता ४५. संघाबरोबरच्या प्रवासात, बसमधल्या मिणमिणत्या दिव्याखाली गणिते सोडवून पूर्ण केलेला संख्याशास्त्राचा विषयही त्या पाचांत होता. तीन क्रेडिटांपायी ते संपूर्ण सत्र मी रोज सराव केला आणि एकही सामना खेळले नाही. त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही.

आय-२० चेही, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्राचेही, तसेच झाले. जुन्या विद्यापीठाने सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) विद्यार्थ्याची नोंद सोडल्याशिवाय नवे विद्यापीठ आय-२० देऊ शकत नाही, आणि हे काम पाहणाऱ्या बाई तेव्हा रजेवर होत्या. नवा आय-२० हाती नसल्याने मी घरी येण्याचे तिकीट रद्द केले.

पोर्टलमध्ये नाव गेले की चालू सत्राच्या अखेरीस जुने विद्यापीठ शिष्यवृत्ती बंद करू शकते, आणि पुढची जागा मिळेलच याची हमी कोणी देत नाही. खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाउस खटल्यातील तडजोडीला जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्यता दिल्यापासून ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना टेनिस संघात १० च खेळाडू ठेवता येतात. त्यामुळे बदलीची वेळ आलीच, तर नव्या विद्यापीठाला होकार देण्यापूर्वी कोणती क्रेडिट पदवीसाठी धरली जातील हे तिथल्या शैक्षणिक कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावे. कोच तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणतात. मी त्यावर विसंबले.

एकटेपणाबद्दलही आपण विचारले आहे. तो असतो आणि सवयीने सहन होतो.

मी विद्यापीठ का बदलले, हे मात्र खरे सांगायला हवे. घरी मी अभ्यासक्रमाचे कारण दिले होते. सामन्यात एकेरीच्या सहा जागा असतात. मार्चमधल्या एका सकाळी भिंतीवर लावलेल्या यादीत सहाव्या जागी माझ्याऐवजी एका नवख्या मुलीचे नाव होते, आणि ते पुढे महिनाभर तसेच राहिले. कोचकडे जाऊन कारण विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून मी पोर्टलमध्ये नाव दिले. ती मुलगी खरोखरच माझ्यापेक्षा चांगली खेळत होती, हे मला तेव्हाही दिसत होते. बाबा अजून सगळ्यांना सांगतात की, मी चांगल्या अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ बदलले. आपली त्यांची भेट होतेच. हे आपण त्यांना सांगितलेत तरी माझी हरकत नाही.