कराटेची पहिली स्पर्धा निवडताना

नाव नोंदवण्याआधी सरांना एकच विचार: नियम कोणते? सगळं त्यावर ठरतं.

- डब्ल्यूकेएफ (जागतिक कराटे महासंघ): ठोशाला १, पोटावरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३ गुण. आठ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते.
- शोबू इप्पोन, म्हणजे जेकेएची (जपान कराटे असोसिएशन) पद्धत: एक इप्पोन (पूर्ण गुण) किंवा दोन वाझा-आरी (अर्धे गुण), खेळ खल्लास. इथे घाई नडते.
- क्योकुशिन (कराटेची एक शैली): पूर्ण ताकदीने मार, पण हाताने चेहऱ्यावर ठोसा नाही. लाथ मात्र डोक्यावर चालते. इतक्यात नकोच.

नवखे हमखास चुकतात ते ताबा सुटल्यामुळे. डब्ल्यूकेएफमध्ये चेहऱ्यावर जोरात लागलं तर गुण नाही, उलट ताकीद मिळते. ठोसा मारून हात लगेच मागे घे आणि नजर प्रतिस्पर्ध्यावरच ठेव. मान वळवून पंचांकडे पाहिलंस तर हातचा गुण जातो. बिनधास्त उतर!