रानातली काडी रानातच

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

रासायनिक खतांनी रान दगड झालं, पहिल्याच पावसात माती ओढ्याला जाते, म्हणून यंदापासून खतं बंद करतो, असं तू लिहिलंस. तळमळ कळली, पण निदान चुकलंय. युरिया आला म्हणून माती गेली नाही. पिकाची वाळकी काडी, म्हणजे उरलेली पानं-ताटं, रानात जाळली म्हणून गेली.

बांधावरच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ घे, एक रानातलं घे आणि दोन्ही पाण्यात अलगद सोड. बांधावरचं टिकेल, रानातलं बघता बघता विरघळून गाळ होईल. मुळांचे तंतू, बुरशीचे धागे आणि कुजलेल्या काडीचा चिकटा मातीचे कण धरून ठेवतात. तो संपला की थेंबांच्या माऱ्याने कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर खपली धरते आणि न मुरलेलं पाणी माती घेऊन उताराला लागतं. उसाच्या आडसाली, म्हणजे भर पावसाळ्यातल्या, लागणीच्या सऱ्या तर ऐन जुलैत उघड्याच असतात!

खताचा दोष नाही असं नाही. हिमाचलात पालमपूरच्या प्रयोगात वर्षानुवर्षं नुसता युरिया दिलेल्या वाफ्यांत जमीन आंबट होऊन मका-गहू शून्यावर आले. आपल्या काळ्या रानात चुनखडी आहे, तेवढं आंबट होत नाही. पण नुसत्या युरियावर स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) आटतं, मुळं खुरटतात आणि जमिनीत मागे राहणारी काडीही घटते. इंग्लंडात रॉथमस्टेडला 1843 पासून एकाच रानात गहू घेतात. तिथे दरवर्षी शेणखत मिळालेल्या वाफ्यात नुसत्या रासायनिक खताच्या वाफ्यापेक्षा दुपटीहून जास्त कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडी-शेणातून मातीत राहणारा कस, आहे. अकोल्याचा ज्वारी-गव्हाचा जुना प्रयोगही हेच सांगतो: संतुलित खत आणि जोडीला शेणखत. तुझ्याकडे जनावरं नाहीत, शेणखत विकत परवडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, काडी रानातच ठेव. उसाचं हेक्टरी 8 ते 10 टन पाचट, म्हणजे वाळली पानं, तू दरवर्षी पेटवतोस आणि दोष पोत्याला देतोस?

मी पाचट ठेवलं तेव्हा घरात बोलणी खाल्ली. उंदीर वाढले, खोडव्याची (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेल्या उसाची) मशागत अडली, शेजारी हसले. तरी सोडलं नाही, आणि माझंच बरोबर होतं असं आजही म्हणतो. खंत एवढीच की भावकीच्या माळाकडच्या रानात ते पेटत असताना मी भांडलो नाही. तिथे आता मुरूम उघडा पडलाय.

तर खोडव्याला पाचट सरीत दाब, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाट. पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धक टाक. काडी कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढते. ते दिलं नाहीस तर पीक पिवळं पडेल आणि तू पुन्हा काडीला नावं ठेवशील. नव्या लागणीत सऱ्या उताराला आडव्या काढ. विहिरीचं पाणीही तपासून घे. सोडियम जास्त असेल तर काळी माती त्यानेही विस्कटते, मग जिप्सम लागेल.

माती-पाण्याचे अहवाल आले की पाठव. कोणतं खत किती कमी करायचं ते तेव्हा बसून ठरवू.

तुझा,
काका