प्रेसिडेंट कोणालाही घरी पाठवू शकतो का?

प्रश्न: राम राम भाऊ, मी अमळनेरचा, जिनिंगवर कामाला आहे. चहाच्या टपरीवर वाद झाला की ट्रम्प फेडरल रिझर्व्हवाल्याला (म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेच्या माणसाला) डायरेक्ट काढू शकतो का? आमच्या सरपंचाला तर साधा ग्रामसेवक काढता येत नाही!

उत्तर: भाऊ, उदाहरण एकदम बरोबर दिलंत. ग्रामसेवक झेडपीचा माणूस, सरपंचाने नुसती तक्रार करायची, तसंच काहीसं अमेरिकेत 1935 पासून चालत आलं. झालं असं की प्रेसिडेंट रूझवेल्टने 1933 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे धंद्यातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या हम्फ्री नावाच्या मेंबरला काढलं, कारण एवढंच की विचार जुळत नव्हते, आणि तो गडी पुढच्याच वर्षी वारला पण त्याच्या वारसदारांच्या बाजूने थकलेल्या पगारासाठी केस लढवली गेली अन् सुप्रीम कोर्टात जिंकली (पगार म्हटला की माणूस मेल्यावरही सुटत नाही बघा). कोर्ट म्हणालं, कायद्यात कामचुकारपणा, अकार्यक्षमता, गैरवर्तन अशी कारणं लिहिलीत ना, मग त्याशिवाय काढायचं नाही.

पण 2020 मध्ये कोर्टाने एकच प्रमुख असलेल्या ग्राहक संरक्षण संस्थेला हे कवच नाकारलं. 2025 मध्ये ट्रम्पने त्याच ट्रेड कमिशनच्या स्लॉटरबाईंना काढलं, आणि 1935 चा तो जुना निकालच पणाला लागला. फेडची गोष्ट वेगळी, त्याच वर्षी मे महिन्यात कोर्टानेच ती संस्था निराळ्या धाटणीची आहे असं म्हटलं, म्हणून ‘काढता येत नाही’ म्हणत असाल तर टपरीवर तुम्ही थोडे तरी जिंकलात.

आणि आपल्याकडे? शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या चेअरमनला केंद्र सरकार तीन महिन्यांची नोटीस देऊन मोकळं करू शकतं, कारणबिरण लागत नाही.