मुदत ठेव मोडून विषारी कोळी घ्यावेत का?

पत्र लांब आहे, म्हणून आधी सारांश देते. वाचकाचं वय 33, नोकरी पगाराची. गेली पाच वर्षं ते तीन टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळतायत, तिन्ही शांत स्वभावाचे. आता त्यांना पुढची पायरी चढायची आहे: पोसिलोथेरिया वंशातले चपळ, झाडावर राहणारे कोळी, जोडीला चटकन अंगावर येणारा ऑरेंज बबून हा टॅरंटुला, आणि 'पुढेमागे ब्लॅक विडो, जमलं तर फनेल-वेबसुद्धा', म्हणजे टॅरंटुलाहून जास्त विषारी कोळी. एकूण वीस कोळी. पैसा काढायचा आहे मुदत ठेवीतून. ती ठेव घराच्या सात महिन्यांच्या खर्चाएवढी आहे आणि त्यातला चार महिन्यांएवढा भाग यात जाईल. पैदास करून दोन वर्षांत तो वसूल होईल असं त्यांचं गणित आहे. घर भाड्याचं, पत्नीची मिळकत अनियमित, मुलगी चार वर्षांची. पत्नी 'हो म्हणाली आहे, पण मनापासून नाही'.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्यात ओढ खरी आहे. पाच वर्षांत एकही कोळी तुम्ही दुर्लक्षाने गमावला नाहीत, प्रत्येक कातीची तारीख तुमच्या वहीत आहे. असा माणूस हा छंद सांभाळू शकतो. पण ठेव मोडू नका. छंद वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. तुम्ही छंदाचा खर्च गुंतवणुकीच्या रकान्यात लिहिला आहे, आणि तिथेच गणित चुकलं आहे.

तुमच्या बाजूने जे आहे ते आधी. कोळी पाळणं महिन्याच्या खर्चात अगदी स्वस्त. पूर्ण वाढलेल्या टॅरंटुलाला आठवड्या-दोन आठवड्यांतून एखादा रातकिडा किंवा झुरळ पुरतं, आणि तो महिनोन्‌महिने न खाता राहू शकतो. खरा पैसा जातो तो सुरुवातीला: पेट्या, कुलूप लागणारं रॅक, लांब चिमटे, माती, आणि खुद्द कोळी. म्हणजे हा एकरकमी खर्च आहे. असा खर्च टप्प्याटप्प्याने करता येतो, त्यासाठी ठेव मोडावी लागत नाही.

आता पैदास. तुम्ही लिहिता, 'अंड्यांच्या एका पिशवीतून शंभर पिल्लं निघतात, दहा पिल्लं विकली की एका मादीची किंमत सुटते.' कागदावर हे बरोबर आहे. पण मधल्या पायऱ्या बघा. लहान पिल्लू घेतलंत तर ते नर की मादी हे तेव्हा कळत नाही; टाकलेल्या कातीच्या आतली रचना तपासून ते पुढे ठरतं. म्हणजे घेतलेल्यांतले निम्मे नर निघतील असं धरा. एकाच पिशवीतले नर माद्यांच्या आधी वयात येतात आणि त्यानंतर बहुधा वर्षभरातच मरतात. तुमची मादी तयार होईपर्यंत तुमचा नर गेलेला असेल, मग दुसऱ्याकडून नर आणा. मीलनात मादी त्याला खाऊ शकते. अंडी घालण्याआधी तिने कात टाकली, तर साठवलेलं वीर्य त्या कातीबरोबर जातं आणि सगळं पहिल्यापासून. अंड्यांची पिशवी तयार झाली तरी बिथरलेली मादी ती खाऊन टाकते. या प्रत्येक पायरीवर महिने जातात. दोन वर्षं हा तुम्ही कल्पिलेला सगळ्यांत चांगला मुहूर्त आहे, सरासरी नाही.

समजा सगळं जमलं. शंभर पिल्लं म्हणजे शंभर डब्या आणि शंभर तोंडांना बारीक किडे. आणि ती घेणार कोण? नवख्याने या जातींपासून दूर राहावं असं अनुभवी माणूस प्रत्येकाला सांगतो, तुम्हीही सांगत असाल. म्हणजे ज्या स्वभावामुळे तुम्हाला हे कोळी हवेहवेसे वाटतात, त्याच स्वभावामुळे त्यांचं गिऱ्हाईक थोडं. पोसिलोथेरिया मेटॅलिका हा निळा कोळी बघा. 1899 साली त्याचं वर्णन झालं, मग तो जवळजवळ शंभर वर्षं कुणाला दिसलाच नाही. 2001 मध्ये पुन्हा सापडल्यावर छंदात आला तेव्हा फार महाग होता. मग ठिकठिकाणी पाळलेल्या जोड्यांनी पिल्लं दिली आणि भाव उतरत गेला. रानात तो आजही अतिसंकटग्रस्त आहे, काचेच्या पेटीत मात्र दुर्मीळ राहिलेला नाही. त्याच्या दुर्मीळपणावर ज्यांनी पैसे लावले होते, त्यांना फळ मिळालं नाही.

माझे एक अशील हेच कोळी पाळायचे. त्यांच्या मालमत्तेची यादी करायला मी घरी गेले होते. ऑरेंज बबूनच्या पाणभांड्यात पाणी घालायला त्यांनी झाकण बोटभर उघडलं, तोच तो कोळी पुढचे पाय वर करून मागे झुकला, सुळे उघडे, आणि चिमट्यावर दोनदा पाय आपटले. त्यांनी घाई केली नाही. झाकण लावलं, आम्ही विम्याचे कागद बघितले आणि अर्ध्या तासाने त्यांनी पाणी घातलं. पुढे बदली आली आणि दोन महिन्यांत सगळं मोडायची वेळ आली. रिकाम्या पेट्या लगेच गेल्या. शांत जातीचे कोळी आठवडाभरात गेले. चावरे आणि चपळ शेवटपर्यंत राहिले. काही निम्म्याहून कमी भावात आणि दोन तर फुकट द्यावे लागले. अडचणीच्या वेळी विकून पैसा उभा राहील असं तुम्ही धरलं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

दंशाचा विचार पैशाच्या बाजूने करू, कारण पत्रात तो एका ओळीत उरकला आहे. टॅरंटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही, हे तुमचं म्हणणं खरं. पण पोसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत जबर पेटके येतात, कधी काही तासांनी सुरू होतात आणि कित्येक दिवस परतत राहतात. टॅरंटुलासाठी वेगळं प्रतिविष नाही. वेदना आणि पेटके आटोक्यात ठेवणं एवढाच उपचार. म्हणजे रुग्णालय आणि बुडालेले कामाचे दिवस. तुमच्या आधीच्या कोळ्यांचंही विसरू नका. अमेरिका खंडातल्या बऱ्याच जाती पोटावरचे टोचरे केस उडवतात आणि ते डोळ्यांत गेले तर बुबुळात रुतून उपचार लांबतात. साफसफाई करताना साधा बंद चष्मा लावा. या छंदातला सगळ्यांत स्वस्त विमा तोच.

फनेल-वेब मात्र यादीतून पूर्ण काढा. सिडनी फनेल-वेबचं प्रतिविष 1981 मध्ये स्ट्रुअन सदरलँड यांच्या चमूने वापरात आणलं, आणि त्यानंतर त्या दंशाने मृत्यूची नोंद नाही. त्याआधी 13 झाले होते. पण हे यश जवळच्या रुग्णालयात ती कुपी तयार असण्याचं आहे. ऑस्ट्रेलियाबाहेर ती मिळेल असं धरून कुणी घरात तो कोळी ठेवू नये, चार वर्षांचं मूल असताना तर मुळीच नाही. ब्लॅक विडोबद्दलही, मुलगी मोठी होईपर्यंत, माझं हेच मत आहे.

विम्याचं आणि भाड्याचं काम आठवड्याभरात करून टाका. आयुर्विम्याच्या किंवा आरोग्य विम्याच्या अर्जात धोकादायक छंदांबद्दल प्रश्न असेल तर खरं लिहा, आणि पूर्वी भरलेला अर्ज पुन्हा वाचा. लपवलेल्या गोष्टीवरून दावा अडतो आणि भोगावं लागतं घरच्यांना. घरमालकाची परवानगी लेखी घ्या. प्रत्येक कोळ्याचे कागदही हवेत: पोसिलोथेरिया वंश 2019 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आला, त्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. रानातून आणलेला किंवा कागद नसलेला कोळी कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. तो उद्या उजळ माथ्याने विकता येत नाही आणि वन्यजीव कायद्यात तुम्हीच अडकता.

मुदतीचाही विचार करा. पोसिलोथेरियाची मादी दहा-बारा वर्षं सहज जगते. तुमची मुलगी माध्यमिक शाळेत जाईल तेव्हाही ती असू शकेल. तुम्ही आजारी पडलात, परगावी गेलात तर पेटी कोण उघडणार? तुमच्या पत्नी मनापासून तयार नसताना हे काम त्यांच्यावर पडणं मला मान्य नाही. आधी दुसरा जाणकार माणूस ठरवा, त्याचा फोन नंबर रॅकवर चिकटवा.

मग करायचं काय? ठेव आहे तशी राहू दे. पत्नीची मिळकत अनियमित आहे, म्हणून सात महिन्यांचा आधार तुमच्या घराला जास्त नाही. दर महिन्याच्या हौसेच्या पैशातून छंदाचं वेगळं खातं सुरू करा. त्यातून आधी कुलपाचं रॅक घ्या, नंतर एक कोळी, वीस नाही. वर्षभर तो नीट सांभाळलात, घरातलं मनही वळलं, की दुसरा. कधी पिल्लं झाली आणि विकली गेली तर ते पैसे याच खात्यात जाऊ देत, घरखर्चाच्या हिशेबात धरू नका.

शेवटी विचारलं आहेत की पहिली वाढलेली मादी घ्यावी की त्याच किमतीत सहा पिल्लं. मी वाढलेली मादी घेईन. ती मादी आहे हे पक्कं असतं, पिल्लांच्या वयातली मरतुक टळते आणि कुलपाची एकच पेटी लागते. विकणाऱ्याकडे तिच्या शेवटच्या कातीची तारीख मागा, आणि ती तुमच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहा.